सोंग कुणाचं घ्यावं

मागच्या महिन्यात माझ्या नातवानं जेवताना एका पुढाऱ्याची नक्कल करून दाखवली. मोबाईलवर बघून बघून शिकलाय. आवाज, मान हलवणं, मिशीवरनं बोट फिरवणं, सगळं हुबेहूब. घरातली सगळी हसली, मीही हसलो. मग त्यानं तो पुढारी बोलताना अडखळतो ते करून दाखवलं आणि घर आणखी मोठ्यानं हसलं. माझा घास मात्र तोंडातच राहिला. चाळीस वर्षांपूर्वीचं एक सोंग डोळ्यांपुढं आलं. ते सोंग मी घेतलं होतं.

आमचं गाव कृष्णाकाठचं. चैत्रात जत्रा भरते. पहिल्या दिवशी पालखी, दुसऱ्या दिवशी कुस्त्या आणि रात्री बाहेरचा तमाशा, तिसऱ्या रात्री गावातल्या पोरांचं लोकनाट्य. शाळेपुढच्या पटांगणात ड्रम उभे करायचे, त्यावर फळ्या टाकायच्या आणि मागं सोसायटीची ताडपत्री बांधायची, की झालं स्टेज. मी दहावी होऊन शेतीत आलो होतो. वाचायचं वेड होतं, थोडं लिहायचंही. त्यामुळं वग लिहायचं काम माझ्याकडं आलं.

साल १९८२. आदल्या हंगामातला आमचा चाळीस टन ऊस कारखान्याला गेला होता आणि पाच महिने झाले तरी बिलाचा पत्ता नव्हता. खरं तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट लिहिलंय, की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्क्यांनी व्याज द्यायचं. पण हे त्या वेळी आमच्यातल्या किती जणांना ठाऊक होतं? मलाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी नाशिककडं शरद जोशींनी ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्ते अडवले होते. तिकडनं परत आलेल्या एका पाव्हण्यानं हा १४ दिवसांचा नियम मला सांगितला. मला वाटलं, हे गावाला सांगितलं पाहिजे. भाषण कोण ऐकणार? म्हणून वग लिहिला. गोष्ट साधी. एक राजा शेतकऱ्यांकडनं ऊस घेतो आणि पैशाचं विचारलं की सत्कार करतो. राजा म्हणजे आमचे चेअरमन, हे शेंबड्या पोरालाही कळावं अशी योजना होती. राजा मीच झालो.

तालमीला नाना येत. नाना मातंग वस्तीतले. उभी हयात तमाशाच्या फडात सोंगाड्या म्हणून घालवलेली, आणि आता गुडघे धरल्यामुळं घरी बसलेले. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, पण मला 'आप्पा' म्हणे आणि अहो-जाहो करी. गावातली माझ्या बरोबरीची पोरं त्यांना अरे-तुरे करीत. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

नानांनी मला चालायला शिकवलं, थांबायला शिकवलं. चेअरमन बोलायच्या आधी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत, 'तर मुद्दा असा आहे' म्हणत आणि मुद्दा सोडून सगळं बोलत. हे सगळं मी उचललं. नाना खूश होते. मला म्हणाले, "आप्पा, गडी चांगला धरलाय. पर एक ध्यानात ठिवा. त्यानं केल्यालं घ्या, त्याला झाल्यालं ठिवा."

मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

चेअरमनचा डावा हात कापायचा. ते तो नेहमी शर्टाच्या खिशात घालून ठेवत. कंपवात होता, हे मला पुढं कळलं. त्या वेळी एवढंच माहीत होतं, की हात हलतो आणि ते लपवतात.

खेळाच्या रात्री पटांगण गच्च भरलं होतं. गण झाला, गवळण झाली, बतावणीला लोक हसले. वग सुरू झाला आणि गडबड झाली. चष्मा पुसण्याला हशा आला, पण १४ दिवसांचं वाक्य आलं तेव्हा लोक गप्प. कुणीतरी मागं जांभई दिली. स्टेजवर उभ्या असलेल्या माणसाला ती जांभई ऐकू येते. माझ्या पोटात गोळा आला. काय करावं सुचेना. मी डावा हात खिशातनं बाहेर काढला आणि कापवला.

असा हशा मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. पोरं शिट्ट्या मारत होती. मग काय, मी सबंध वगभर हात कापवत राहिलो. शेतकरी बिल मागतो, मी हात कापवतो. तो व्याज मागतो, मी दुसराही कापवतो. खेळ संपला तेव्हा लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

नाना ताडपत्रीमागं विडी ओढत बसले होते. मी वाट बघत होतो की पाठ थोपटतील. ते एवढंच म्हणाले, "लोक लई हसली, आप्पा. पर चौदा दिसाचं कुनाला ऐकू आलं?"

मला राग आला. म्हातारा जळतोय, असंही मनात आलं.

पावसाळ्यात कारखान्याची वार्षिक सभा झाली. आमच्या गावातनं तीन ट्रक भरून माणसं गेली होती. मी कागदावर प्रश्न लिहून नेला होता. चेअरमन बोलायला उभे राहिले, 'तर मुद्दा असा आहे' म्हणाले, आणि मागं बसलेल्या आमच्याच गावच्या एका पोरानं हात वर करून कापवला. सगळा मांडव हसला. चेअरमन थांबले. हात खिशात घालायला गेले, तो खिशात जाईना. दोनदा चुकला. मग ते खाली बसले.

त्यानंतर जे झालं ते मी विसरलो नाही. एक संचालक उठला आणि म्हणाला, "आजारी माणसाची चेष्टा करता? ज्यानं माळावर कारखाना उभा केला त्याची?" मांडवातला हशा एकदम विरला. लोक खाली बघायला लागले. तेवढ्यात कुणीतरी विषयपत्रिका वाचली, पुढच्या रांगेतनं 'मंजूर, मंजूर' झालं आणि पाच मिनिटांत सभा आटोपली. माझा कागद खिशातच राहिला. बिलाचा जाब ज्याला द्यायचा होता तो माणूस त्या दिवशी आमच्याच चेष्टेनं सुटला. त्याच्या हाताला हसून आम्ही त्याच्या कारभाराला माफी दिली.

परत येताना ट्रकमध्ये नानांचं वाक्य मला कळलं. त्यानं केलेलं म्हणजे बिल थकवणं, मुद्दा टाळणं, प्रश्नाला हार घालणं. त्याला झालेलं म्हणजे तो हात. केलेलं बदलता येतं, म्हणून त्याचा जाब विचारता येतो. झालेल्याचा जाब कुणाला विचारणार? आणि ज्याचा जाब विचारता येत नाही त्याला हसलं, की ते हसणं नुसतं क्रूर होतं असं नाही, ते फुकटही जातं.

पुढच्या जत्रेत मी हात काढून टाकला. त्या वर्षी चेअरमन स्वतः खेळाला आले. पुढं खुर्ची टाकली होती, तीत बसले. आमचे पाय लटपटायला लागले. पण ते हसायला लागले. चष्म्याला हसले, मुद्द्याला हसले, बिलालाही हसले. आणि मला वरनं एक गोष्ट दिसली. लोक आधी त्यांच्याकडं बघत होते. ते हसले की लोक हसत, ते थांबले की थांबत. सोंग मी घेतलं होतं, पण पटांगणाची दोरी त्यांच्या हातात होती. खेळानंतर त्यांनी मंडळाला ५०१ रुपये दिले आणि मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "यंदा हात दिसला नाही?" मी मान खाली घातली. नोटा त्यांनी डाव्या हातानं दिल्या. तो कापत होता. मी पटकन घेतल्या.

ते आमच्यावर उपकार करत होते, की मला लाजवत होते, की खरोखरच विचारत होते? मला आजतागायत सांगता येत नाही. पण त्या ५०१ रुपयांनी आमचा वग मेला, हे खरं. पुढं मंडळातली पोरंच म्हणायला लागली, "साहेब मोठ्या मनाचा माणूस आहे, हसून घेतो." ज्याची थट्टा करायची तोच देणगीदार झाला, की थट्टेला आहेराची कळा येते. मी ते सोंग सोडलं.

नंतर मी या विषयावर जमेल तसं वाचलं. तालुक्याच्या वाचनालयातनं पुस्तकं आणायचो. इंग्रजांनी १८७६ साली नाटकांना लगाम घालायचा कायदा केला. कलकत्त्यात इंग्लंडच्या युवराजाला घरी बोलावणाऱ्या एका बड्या वकिलाची नाटकातनं टिंगल झाली, ते एक निमित्त होतं. कायदा इतका टिकाऊ, की तो कागदावरनं पुसायला २०१८ साल उजाडलं. आमच्याकडं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' लिहिलं. गोष्ट महाभारतातली, पण कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला. १९१० साली सरकारनं त्यावर बंदी घातली. मला याचं फार नवल वाटलं. कर्झनची टोपी नाही, त्याचा कोट नाही, त्याच्या चालीची नक्कल नाही. नुसती करणी दाखवली आणि प्रेक्षकानं माणूस ओळखला. सरकारनंही ओळखला! म्हणजे नानांचं म्हणणं खाडिलकरांनाही लागू पडतं. करणी पक्की धरली, तर शरीराला हात लावायची गरजच पडत नाही.

पुढं अण्णा भाऊ साठ्यांनी 'लोकमंत्र्यांचा दौरा' लिहिला, पु. ल. देशपांड्यांनी 'पुढारी पाहिजे' लिहिलं. नावातच बघा, मंत्री आहे, पुढारी आहे, एका माणसाचं नाव नाही. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आलं. त्यात दादा कोंडके हवालदार व्हायचे आणि त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्री वगात टाकायचे. हे तमाशाच्या सोंगाड्याचंच काम. वगाची गोष्ट राजाची, पण सोंगाड्याच्या तोंडी आजचा कारभार.

पण सोंगाड्याबद्दल बोलताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. नाना सांगत, त्यांच्या तरुणपणी पाटलाच्या वाड्यापुढं खेळ व्हायचा. रात्री नाना पाटलाला शब्दाशब्दानं टोचायचे आणि पाटील खो खो हसायचा. सकाळी बिदागी मागायला गेले की वाड्याच्या पायरीखाली उभं राहायचं, पैसे वरनं टाकले जायचे, ते झेलायचे. मी विचारलं, "मग नाना, रात्रीच्या टोचण्याचा उपयोग काय?" ते म्हणाले, "रातच्याला त्यो बी मानूस हाय, एवडं गावाला दिसायचं. सकाळी परत पाटील. पर दिसल्यालं डोळ्यातनं जातंय व्हय?"

हे उत्तर मला निम्मंच पटतं. दिसलेलं डोळ्यांतनं जात नाही, खरं आहे. पण नुसतं दिसून पायरी खाली येत नाही, हेही खरं. पुष्कळदा माणूस रात्री हसून मोकळा होतो आणि सकाळी निमूट पायरीखाली उभा राहतो. हसण्यानं राग निवतो. राग निवणं चांगलं की वाईट, हे त्या रागानं काय काम होणार होतं त्यावर आहे.

नानांच्या नियमाला मी पुढं बऱ्याच ठिकाणी लावून पाहिलं. १९९३ नंतर गावोगाव बाया सरपंच व्हायला लागल्या. मग जत्रेत सरपंचबाईचं सोंग आलं. मिशीवाला गडी लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभा, आणि सही कुठं करायची ते नवऱ्याला विचारतोय. लोक पोट धरून हसायचे. पण तिथं करणी कुणाची होती? शिक्का खिशात घालून फिरणारा तर नवरा. त्याचं सोंग कुणी घेतलं नाही. तिला शाळेत घातलं नव्हतं, हे तिला झालेलं. आम्ही त्याला हसलो.

एकदा पुण्याला पाव्हण्यांकडं टीव्हीवर एका खेड्यातल्या आमदाराची नक्कल बघितली. तो 'न्हाई' म्हणायचा, 'व्हय' म्हणायचा, इंग्रजी शब्द वाकडा बोलायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्या आमदाराबद्दल मला काडीचं प्रेम नव्हतं. पण त्या हशात मीच बसल्याजागी सापडलो. 'न्हाई' आणि 'व्हय' माझ्या आईचे शब्द आहेत. त्या आमदाराचा कारभार धरला असता तर मीही हसलो असतो. त्यांनी त्याची बोली धरली आणि मी नको असताना त्याच्या बाजूला गेलो. चुकीच्या जागी हसलं की असं होतं.

हल्ली तर पुढारीच पुढाऱ्याची नक्कल करतो आणि लाखाची सभा हसते. मला ती नक्कल सोंगाड्याची वाटत नाही. सोंगाड्या खालनं वर बोलतो. त्याच्या हातात डफ-तुणतुण्यापलीकडं काही नसतं. ज्याच्या मागं सत्ता आहे, पैसा आहे, त्यानं दुसऱ्याच्या चालण्याबोलण्याला हसवलं, तर ते सोंग राहत नाही, दांडगाई होते.

इथपर्यंत मला वाटत होतं, की नानांचा नियम सगळीकडं चालतो. पण एक जागा अशी आली, की तो माझ्याच अंगावर उलटला.

१९९७ साली मी ग्रामपंचायतीत निवडून आलो आणि उपसरपंच झालो. खुर्ची मला गोड लागली, खोटं कशाला बोलू? राजाचं सोंग घेताना, फेटा बांधून खुर्चीत बसलं की दोन मिनिटं मला खरंच राजा झाल्यासारखं वाटायचं. तीच चव आता रोज मिळायला लागली. खालच्या वस्तीला नळ नव्हता. नाना तोवर गेले होते, पण त्यांची सून आणि शेजारणी दर आठवड्याला पाण्याचं विचारायला येत. मी म्हणायचो, "बघतो."

दोन वर्षांनी जत्रेत पोरांनी वग केला. त्यात उपसरपंच आला आणि मला घाम फुटला. तो मीच होतो. टोपी माझ्यासारखी, बसणं माझ्यासारखं. बाया घागरी घेऊन आल्या, "आप्पा, पानी." त्यानं कानामागं हात धरला आणि म्हणाला, "काय? काय म्हणाला?" परत, "पानी." परत, "काय? जरा मोठ्यानं!" पटांगण फुटलं.

माझा डावा कान लहानपणापासनं अधू आहे. गोवर आला होता, तेव्हा गेला. मी तसाच उठून घरी आलो. दोन दिवस कुणाशी बोललो नाही. बायकोला म्हणालो, "त्यांनी माझं बहिरेपण काढलं. हा अन्याय आहे. नाना असते तर असं करू दिलं नसतं."

बायको भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "तुमाला उजव्या कानानं येतंय की ऐकू. बाया आल्या की डावा का करता त्यांच्याकडं?"

खरं होतं ते. मला ऐकू येत नाही असं दाखवून मी कितीतरी वेळा वेळ मारून नेली होती. बहिरेपण मला झालं होतं, पण त्याचा आडोसा मीच केला होता. चेअरमननी त्यांच्या हाताचा आडोसा कधी केला नव्हता. ते हात लपवत होते, हातामागं लपत नव्हते. त्यांच्या हाताला हसणं चूक होतं आणि माझ्या कानाला हसणं बरोबर होतं. म्हणजे नियम चुकला नव्हता, पण तो वापरायला डोळा लागतो. झालेलं कुठं संपतं आणि केलेलं कुठं सुरू होतं, ते त्या माणसाजवळ राहिल्याशिवाय कळत नाही. पोरांनी मला जवळनं बघितलं होतं. मी चेअरमनना लांबनं बघितलं होतं आणि हशासाठी हात उचलला होता.

नळ सहा महिन्यांनी आला. वगामुळं आला, की तालुक्याचा निधी सुटला म्हणून आला, मला छातीठोकपणं सांगता येणार नाही. दोन्ही असेल. एवढं मात्र खरं, की त्या सहा महिन्यांत निधीच्या कागदामागं मी आठ वेळा तालुक्याला गेलो, आणि आधीच्या दोन वर्षांत एकदाही गेलो नव्हतो.

जेवण झाल्यावर मी नातवाला जवळ घेतलं. रागावलो नाही. विचारलं, "त्या पुढाऱ्यानं आपल्या गावचं काय केलं, सांग बरं?" त्याला सांगता येईना. मी म्हणालो, "ते शोधून काढ, मग त्याचं सोंग घे. मी पहिला बसेन बघायला." तो म्हणाला, "पण आबा, त्याला कोण हसणार?" मी सांगितलं, की हसवणं तुझं काम, त्यात मेहनत आहे. अडखळण्याला कुणीही हसवील.

तो विचारात पडला. मग हसून म्हणाला, "तुमचं सोंग घेऊ का?"

घे म्हणालो. कानाला आता मशीन बसवलंय, तेव्हा कानाचं चालणार नाही. 'बघतो' मात्र अजून सुटलेलं नाही. ते त्यानं खुशाल घ्यावं.